कोरा माणूस

बारकीला वहिनी आवडत नव्हती, असं कुणी म्हणू नये. वहिनी सगळ्यांना आवडायची. दातांची डॉक्टर असून आवडायची, म्हणजे बघा! रडत आलेली पोरं तिच्या दवाखान्यातून टाटा करत बाहेर पडायची. आणि नेमकं तिथेच बारकीचं पोट दुखायचं.

'बारकी' हे नाव दादाने ठेवलेलं. तिशी ओलांडली, केसांत एक-दोन पांढरे डोकावले, तरी दादासाठी ती बारकीच. ते नाव त्या दोघांचं होतं. आईबाबासुद्धा वापरायचे नाहीत. आणि ही बाई लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच सकाळी म्हणाली, "बारके, तुझाही चहा टाकू का गं?" बारकी हसत हसत म्हणाली, "बारकी मी फक्त दादाची. तू मला वन्सं म्हणायचं, अहो-जाहो करायचं!" सगळे हसले, वहिनी तर सगळ्यात जास्त. गोष्ट हसण्यावारी गेली. बारकी मात्र हसण्यावारी बोलली नव्हती.

बारकी व्हिडिओ गेम करणाऱ्या कंपनीत होती. नातेवाइकांना वाटायचं, ही दिवसभर खेळते आणि वर पगार घेते. खरं म्हणजे ती दारं करायची. मोठ्या गेममध्ये राजवाडा एकाचा, राजा दुसऱ्याचा, लढाई तिसऱ्याची आणि दारं हिची. दार किती जड वाटलं पाहिजे, कडी कधी वाजली पाहिजे, करकर कुठे थांबली पाहिजे, ते सगळं हिच्याकडे. ऑफिसात तिला 'दारवाली' म्हणायचे. प्रेमानेच म्हणायचे, पण वर्षानुवर्षं दारात उभं राहिलेल्या माणसाला कधीतरी आत जावंसं वाटतं की नाही?

कंपनीत दरवर्षी जॅम व्हायचा. शुक्रवारी संध्याकाळी विषय मिळायचा आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत त्यावरचा छोटासा गेम करून द्यायचा. मग सगळ्यांनी सगळ्यांचे गेम खेळायचे. घरची माणसं आली तरी चालायचं, त्यांनी गेम केला तरी चालायचं. एरवी ही नुसती धमाल. यंदा मात्र मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "ज्या गेमपाशी माणसं खिळून राहतील, तो कंपनी पुढे नेणार. आणि ज्याने केला असेल, तोच त्याचा प्रमुख. मग तो आपल्यातला असो नाहीतर बाहेरचा." बारकीने कान टवकारले. दार सोडून अख्खं घर आपलं!

आणि तिच्याकडे हुकमाचा एक्का होता. दादा.

या धंद्यात कोऱ्या माणसाला फार किंमत. कोरा माणूस म्हणजे ज्याने तुमचा गेम आधी बघितलेला नाही, ऐकलेलाही नाही. करणाऱ्याला स्वतःच्या गेमचं काही कळत नाही; त्याला सगळे खड्डे पाठ असतात, त्यामुळे तो कधी पडतच नाही. कोरा माणूस बसवला की कळतं, कुठे गोंधळ होतो आणि कुठे कंटाळा येतो. पण कोरा माणूस काडेपेटीतल्या काडीसारखा. एकदाच पेटतो. एकदा खेळला की तो कोरा राहिला नाही. म्हणून बारकी दादाला जपून ठेवायची. वहीच्या चौकटीच्या कागदावर सोंगट्या काढायची, तेव्हापासून तिच्या प्रत्येक खेळाचा पहिला खेळाडू दादा. दादाचं चष्म्याचं दुकान, जॅमच्या रविवारी तो दुकान बंद ठेवून यायचा, खुर्चीत बसायचा, खेळायचा आणि म्हणायचा, "वा, बारके! एक नंबर!" तेवढं ऐकलं की तिला हत्तीचं बळ यायचं.

यंदा दादा शुक्रवारीच आला, आणि सोबत वहिनी. विषय लागला होता 'वाट बघणं'.

"मी नुसती बसून काय करू?" वहिनी म्हणाली. "मीही करून बघू का एखादा गेम?"

"कर की," बारकी म्हणाली. मनात म्हणाली, कर बाई, दाढ भरण्याइतकं सोपं वाटतंय ना, कर. तिनेच कोपऱ्यातला एक रिकामा कॉम्प्युटर लावून दिला. कोड लिहायला न लागणारं साधन उघडून दिलं. त्यात चित्रं ठेवायची आणि हे झालं की ते होऊ दे, एवढंच सांगायचं. हे कसं सांगायचं तेही बारकीनेच शिकवलं. आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, पण धोंडा उचलताना कुणाला कळतं?

बारकीने मोठा घाट घातला. समुद्रातलं दीपगृह, त्यात राहणारी एक बाई, गेलेल्या होडीची वाट बघतेय. भरती-ओहोटी, वारा, दिव्याचं तेल, तीन बेटं. पाणी असं चकाकलं पाहिजे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. शनिवारची दुपार तिने एकट्या त्या पाण्यावर घालवली. मध्येच एक छोटासा प्रसंगही टाकला: वादळात दीपगृहाचं दार वाजतं. कोण आहे ते दिसत नाही. उघडायचं की नाही? ते दार म्हणजे तिच्या हातचा मळ. चहा निवायच्या आत करून झालं आणि ती परत पाण्याला लागली.

तेवढ्यात कोपऱ्यातून हसणं आलं. दादाचं. पोट धरून, मध्येच श्वास अडकून, टेबलावर थाप मारून हसणं. बारकीचा हात थांबला. दादाची सगळी हसणी तिला ठाऊक होती, हे ठाऊक नव्हतं.

ती पाणी प्यायचं निमित्त करून उठली. वहिनीच्या पडद्यावर कागदावर रंगीत खडूने काढलेलं एक पातेलं होतं, फोटो काढून चिकटवलेलं. पातेल्यात दूध. शेजारी खिडकी. दोनच बटणं: एकाने दुधाकडे बघायचं, एकाने खिडकीकडे. बस. दुधाकडे बघत राहा, दूध ढिम्म. मग बेल वाजते, खिडकीबाहेर मांजर भांडतं, कुणीतरी हाका मारतं. जरा नजर वळवली की फुस्स! हा आवाज वहिनीने स्वतःच्या तोंडाने काढलेला. दादा परत दुधाकडे बघायचा, डोळे वटारून बसायचा, आणि मांजर ओरडलं की परत फसायचा. शेजारच्या टेबलावरचे दोघे-तिघेही येऊन उभे होते.

"यात आहे काय एवढं?" बारकी म्हणाली.

"अगं काहीच नाही!" दादा डोळे पुसत म्हणाला. "तेच तर!"

वहिनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती दादाच्या हाताकडे बघत होती. बारकीने विचारलं तर म्हणाली, "सवय लागलीय गं. खुर्चीतल्या माणसाचं तोंड मीच उघडून ठेवलेलं असतं, ते काय सांगणार? मी हात बघते. बोटं आवळली की समजायचं दुखतंय. तोंडाने सगळे म्हणतात, नाही डॉक्टर, काही नाही होत."

"दादा," बारकी म्हणाली, "माझा गेम बघायचा नाही हं. उद्यापर्यंत तू कोरा पाहिजेस."

"तुझ्यासाठी मी जन्मभर कोराच आहे, बारके," दादा म्हणाला आणि परत मांजराकडे वळला. परत फुस्स. परत तेच हसणं. बारकी पाणी न पिताच जागेवर आली.

रविवारी सकाळी वहिनी तिच्या टेबलाशी आली. केस कसेतरी बांधलेले, हाताला खडूचा रंग. "बारके, पाच मिनिटं देशील? सगळे नुसतं छान छान म्हणतायत. तू या धंद्यातली. खरं सांग, काय कमी आहे यात?"

बारकी जाऊन खेळली. आणि काय सांगू, फसली! तिला गुपित माहीत होतं, तरी बेल वाजल्यावर मान वळली आणि दूध गेलं. ओठांपर्यंत हसू आलं, ते तिने दाताखाली दाबून धरलं. हा गेम चांगला होता. चांगला म्हणजे जीव जळावा इतका चांगला. तिने ज्यासाठी अर्धं आयुष्य घातलं, ते या बाईने खडूच्या पेटीतून काढलं होतं, आणि काढलं हे तिचं तिला माहीतही नव्हतं.

"सूचना नाहीयेत," बारकी म्हणाली.

"सूचना?"

"सुरुवातीलाच लिहायला पाहिजे ना. 'दुधाकडे बघत असाल तर ते उतू जात नाही. नजर हटली की जातं.' नाहीतर लोकांना कळणार कसं? आणि गुण घाल. लोकांना गुण लागतात."

हे म्हणजे कोडं घालायच्या आधी उत्तर सांगून टाकणं. हे बारकीला पुरतं ठाऊक होतं. या धंद्यात पाऊल टाकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात कळतं, की जे खेळून कळणार आहे ते लिहून सांगायचं नाही.

वहिनी क्षणभर घुटमळली. "अस्सं? मला वाटलं होतं, त्यांचं त्यांना कळण्यातच..." मग मान हलवून म्हणाली, "पण तू म्हणतेस तर घालते. तुला जास्त कळतं." आणि बारकीच्या पाठीवर हात ठेवून गेली. तो हात बराच वेळ पाठीवर असल्यासारखा वाटत राहिला.

दुपारी दादा बारकीच्या खुर्चीत बसला. कोराकरकरीत. तिने कंट्रोलर त्याच्या हातात दिला आणि मागे उभी राहिली. वहिनीही येऊन बाजूला उभी राहिली. दादाने बाईला चालवलं, जिना चढवला, दिवा लावला, बेटं धुंडाळली. "पाणी काय झालंय! खरंच वाटतंय!" मग दार वाजलं. मग परत बेटं, परत तेल. संपल्यावर दादा वळून म्हणाला, "वा, बारके! एक नंबर!"

बारकीने वहिनीकडे बघितलं. वहिनी दादाच्या हाताकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठी होती.

"काय झालं?" बारकी म्हणाली. "बोल की."

"नको गं. मला काय कळतंय त्यातलं."

"बोल म्हटलं ना!"

वहिनीने दादाकडे बघितलं, मग बारकीकडे. "त्यांचा हात सैल पडलेला होता. जवळजवळ पूर्ण वेळ. तेल भरताना तर अंगठा उचलून त्यांनी कान खाजवला."

"काहीतरीच!" दादा म्हणाला. "मला आवडला गेम!"

"आवडला असेल," वहिनी म्हणाली. "पण फक्त दारापाशी हात आवळला. दार वाजलं ना, तेव्हा यांनी श्वासच घेतला नाही. बारके, तुझा गेम तिथे आहे गं. ते दारच फक्त ठेवलंस ना, तर माणूस उठणार नाही खुर्चीतून."

वहिनी चुकली असती तर बरं झालं असतं; पण ती चुकली नव्हती. बारकीला दुसरंच काही दिसत होतं: वहीच्या कागदावरच्या सोंगट्या, पहिला कॉम्प्युटर, प्रत्येक जॅम, आणि प्रत्येक वेळचं 'एक नंबर'. "दादा," ती म्हणाली, "माझ्या कुठल्या गेमला तू कालच्यासारखा हसला होतास?"

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू इतक्या कष्टाने करायचीस, बारके," तो म्हणाला. "मी काय म्हणणार?"

म्हणजे दादा कधी कोरा नव्हताच. तो खेळायला बसायचाच मुळी प्रेमाने ओतप्रोत होऊन. जन्मभर ज्याच्याकडे आरसा समजून ती बघत होती, तो दादाचा चेहरा होता. आणि ज्या बाईने तिचा दादा नेला, तिनेच पहिल्यांदा तिला खरं सांगितलं होतं, तेही मागे लागल्यावर.

बारकी रडली नाही. तिने खुर्ची ओढली आणि बेटं काढून टाकली. तेल, वारा, जिना, सगळं. ते पाणीसुद्धा, शनिवारची अख्खी दुपार घातलेलं, एका बटणात उडवलं. उरलं एक दार, एक कडी, बाहेर कुणीतरी, आणि तुम्ही आत. बोटं झरझर चालली. दाराबद्दल तिला जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. कडीवरचा हात किती वेळ थरथरावा, बाहेरच्या माणसाने खोकावं की नाही, पावलं लांब गेल्यासारखी वाटून परत कधी यावीत. इतक्या वर्षांची हमाली अशी एका दुपारी कामाला आली. सहा वाजायला थोडा अवकाश असताना तिचं काम संपलं, आणि हा आपला आजवरचा सगळ्यात चांगला गेम आहे, हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

मग पाठीवरचा तो हात परत जाणवायला लागला.

वेळ होता. 'वहिनी, ती सूचना काढ. चुकीचं सांगितलं मी.' एवढंच तर म्हणायचं. ओळ पुसायला किती वेळ लागतो? बारकी उठली. कोपऱ्यापर्यंत गेली. वहिनी टेबलावर डोकं ठेवून पेंगत होती. दादा शेजारी बसला होता. त्याने स्वतःचं जाकीट तिच्या खांद्यावर पांघरलं होतं आणि तिच्या हाताला लागलेला खडूचा रंग रुमालाने पुसत होता, ती जागी होऊ नये म्हणून अगदी हळू. बारकीला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

शू! आपल्याच दादाने आपल्याला शू म्हणावं!

बारकी आल्या पावली परत गेली. सहा वाजले. मुदत संपली, दोन्ही गेम जसेच्या तसे आत गेले.

मग खालच्या-वरच्या मजल्यावरची माणसं आली, त्यांच्या बायका आल्या, नवरे आले, आया आल्या. वहिनीच्या टेबलाशी माणूस बसायचा, वरची ओळ वाचायचा, "हां, म्हणजे बघत राहायचं," म्हणायचा, दुधाकडे बघत बसायचा आणि गुण मोजायचा. बेल वाजायची, मांजर भांडायचं, कुणी वळायचंच नाही. जरा वेळाने माणूस उठायचा. "गोड आहे हो," असं म्हणायचा. बारकीच्या दारापाशी मात्र रांग लागली. खेळणाऱ्याने कडीवर हात ठेवला की मागची रांग गप्प व्हायची. एक मोठा दांडगा माणूस "नको, नको, उघडू नको!" असं स्वतःलाच ओरडला.

मालकीणबाई दोनदा खेळल्या. "दारवाली," त्या म्हणाल्या, "आता दारं दुसरं कुणीतरी करेल. हा गेम तू पुढे न्यायचास." टाळ्या झाल्या. सगळ्यात मोठ्याने दादाने वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर दादा वहिनीच्या पडद्याशी गेला. बघतो तर ओळ. "अगं, हे काय? काल हे नव्हतं! हे वाचल्यावर काय मजा राहिली? कुणी सांगितलं तुला हे घालायला?"

बारकी तिथेच उभी होती. तोंडावर तिने आश्चर्य आणलं, भुवया वर केल्या. चेहरा तिच्या ताब्यात होता. पण वहिनीने चेहऱ्याकडे बघितलंच नाही. तिची नजर खाली गेली, बारकीच्या हातांवर. बारकीनेही खाली बघितलं. तिची दहाच्या दहा बोटं एकमेकांत आवळलेली होती, पेरं पांढरी पडलेली.

वहिनीने नजर उचलली ती थेट दादाकडे.

"कुणी नाही हो," मग ती दादाला म्हणाली. "माझंच डोकं. लोकांना कळणार नाही असं वाटलं मला."

"वेडी आहेस," दादा म्हणाला आणि हसला.

बारकीने आवळलेली बोटं सोडवली. ती म्हणाली, "वहिनी, तू माझा गेम खेळलीच नाहीस अजून. ये ना. सगळं काढून टाकलं मी, तू म्हणालीस तसं. बघ आणि खरं सांग."

वहिनी आली. खुर्चीत बसली, कंट्रोलर घेतला. दार वाजलं. बाहेर कुणीतरी थांबलं. पावलं लांब गेली, परत आली. बारकी यावेळी पडद्याकडे बघत नव्हती, वहिनीच्या हातांकडे बघत होती. हात सैल होते. अंगठा बटणावर नुसता ठेवलेला होता.

वहिनीने दार उघडलं, शेवटपर्यंत खेळली, कंट्रोलर टेबलावर नीट ठेवला आणि उठली. चेहऱ्यावर छानसं हसू होतं, पेशंटला निरोप देताना असतं तसं.

"खूप छान झालाय हो तुमचा गेम, वन्सं," ती म्हणाली, आणि दादाचं जाकीट घ्यायला कोपऱ्याकडे गेली.